धरणावरची क्लब रेगाटा: तारीख ठरवण्यापासून प्रोटेस्ट निकालात काढेपर्यंत

पंचवीस-तीस होड्या, दोन दिवस, सहा-सात शर्यती. क्लबच्या रेगाटाचा, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींच्या मालिकेचा, पसारा एवढाच असतो, तरी ती फसायला वेळ लागत नाही. फसते ती बहुधा एकाच कारणाने. आयोजकांच्या डोक्यात मुंबई बंदरातली शर्यत असते आणि समोर असतं डोंगरांत अडकलेलं, अरुंद, पातळी सतत बदलणारं पाणी. मग लांबलचक कोर्स (शर्यतीचा मार्ग) आखला जातो, अर्ध्यात वारा फिरतो किंवा पडतो, आणि पुढची होडी नशिबाने पुढे, मागची नशिबाने मागे राहते. धरणावर आखूड कोर्स, छोट्या शर्यती आणि जास्त शर्यती हेच चालतं. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः खडकवासल्याची घेतली आहेत. होड्या मुलांची ऑप्टिमिस्ट, एकट्याने चालवायची लेझर (हल्ली तिचं अधिकृत नाव आयएलसीए) आणि दोघांची एंटरप्राइज, कारण आपल्याकडच्या क्लबांच्या शेडमध्ये बहुतेक याच सापडतात.

तारीख: वारा आणि पाणी एकदम मिळत नाहीत

वाऱ्यासाठी पावसाळा उत्तम. हैदराबादला हुसेनसागरावर मोठ्या शर्यती जुलैत होतात त्या याचसाठी. पण हुसेनसागर हा शहरातला तलाव आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या धरणात जुलै-ऑगस्टला पाण्याचा येवा प्रचंड असतो, सांडव्याचे दरवाजे कधी उघडतील ते पावसावर ठरतं आणि दरवाजे उघडे असताना भिंतीच्या बाजूला पाण्याला ओढ असते. सुकाणू मोडलेली होडी तिकडे जायला नको. विसर्ग चालू असताना शर्यत नाही, हा नियम पत्रिकेतच छापा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारीत धरण भरलेलं असतं, आकाश स्वच्छ असतं, पण वारा लहरी. सकाळी पाणी आरशासारखं, अकराच्या पुढे थोडी हालचाल, तीही फिरती. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचा पश्चिमेचा वारा भरवशाचा होत जातो. मार्च-एप्रिलमध्ये तर समुद्राकडचा वारा घाट ओलांडून दुपारी उशिरा पुण्यापर्यंत पोचतो. पण तोवर बऱ्याच धरणांत पाणी उतरलेलं असतं. उजनीत पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तशीच प्रत्येक धरणात बुडालेली बांधबंदिस्ती, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे वर यायला लागतात. काही बुंधे पाण्याखाली हातभरच असतात. होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, मोडतात ते हेच.

माझी पसंती फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. खडकवासल्याला एक सोय आहे: पानशेत, वरसगाव आणि टेमघर वर आहेत, त्यांचं पाणी खाली येत राहतं, त्यामुळे उन्हाळ्यातही इथे होड्या चालवण्याइतकं पाणी बहुधा राहतं. मात्र कालव्याचं आवर्तन सुटलं की पातळी आठवड्यात बरीच खाली-वर होते. म्हणून तारीख पक्की करण्याआधी धरणाच्या शाखा अभियंत्यांना भेटून त्या पंधरवड्यात आवर्तन आहे का ते विचारा. एप्रिलच्या मध्यानंतरची तारीख घेऊ नका. वळवाचा पाऊस येतो तेव्हा आधी वाऱ्याचा एक फटका येतो आणि दहा मिनिटांत सगळा ताफा आडवा होतो.

परवानग्या

पाणी जलसंपदा विभागाचं आहे, तेव्हा पहिलं पत्र कार्यकारी अभियंत्यांना. पत्रात तारखा, वेळा, होड्यांची संख्या, इंजिनाच्या बोटी किती आणि कोणत्या, आणि वापरायच्या पाण्याचा नकाशा जोडा. नकाशावर भिंत, सांडवा, पाणी उपसण्याच्या विहिरी आणि त्यांपासून तुम्ही ठेवणार ते अंतर दाखवा. अधिकाऱ्याला नेमकी हीच काळजी असते आणि ती पत्रातच मिटलेली दिसली की फाइल हलते. खडकवासल्याचा एक काठ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ताब्यात आहे. तिकडे परवानगीशिवाय होडी लावणं तर सोडाच, बोयासुद्धा (शर्यतीची खूण म्हणून नांगरलेला तरंगा) टाकू नका. मुळशीसारखी धरणं टाटांच्या वीज कंपनीची आहेत, तिथे अर्ज त्यांच्याकडे. पोलीस ठाणं आणि ग्रामपंचायत यांना पत्र देऊन पोच घ्या.

मच्छीमार सहकारी संस्थेकडे मात्र पत्र पाठवून भागत नाही, जाऊन बसावं लागतं. जाळी कुठे लागतात, पिंजरे कुठे आहेत, कोणत्या भागात बुंधे आहेत हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. दोन दिवस अमुक पट्ट्यात जाळी नकोत, अशी विनंती महिनाभर आधी केली तर सहसा मान्य होते. त्यांच्यातल्या दोघांना रेस्क्यू बोटीवर मानधन देऊन घ्या. आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फोन करा.

धरणाचं पाणी पिण्यासाठी जातं हे विसरू नका. इंजिनं फोर-स्ट्रोक असतील तर उत्तम. पेट्रोल किनाऱ्यावर, ताडपत्रीवर भरायचं. पाण्यात उभ्या असलेल्या बोटीत कॅन ओतायचा नाही.

कागद: दोनच, पण नीट

रेगाटाचे नियम वर्ल्ड सेलिंगच्या शर्यत नियमावलीतून येतात. सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ साठीची असून १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. तिच्यावर तुमचे दोन कागद उभे राहतात.

पहिला नोटीस ऑफ रेस. तो निदान सहा आठवडे आधी काढा. आयोजक कोण, कोणती नियमावली, होड्यांचे कोणते वर्ग, वयाची अट (ऑप्टिमिस्टला पंधरा वर्षांपर्यंत), प्रवेश फी, पहिल्या शर्यतीची वेळ, किती शर्यती, गुणपद्धती, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही, पोहता येण्याची अट, विमा. एवढं वाचून माणसाला यायचं की नाही ते ठरवता आलं पाहिजे.

दुसरा सेलिंग इन्स्ट्रक्शन्स. पाण्यावर उतरलेल्याला लागणारी माहिती यात: कोर्सची आकृती, बोयांचे रंग, वर्गांचे झेंडे, वेळमर्यादा, प्रोटेस्टची (तक्रारीची) मुदत. क्लबने चार पानांच्या वर जाऊ नये. मोठ्या स्पर्धेचा मजकूर उचलून चिकटवला की त्यात कुठेतरी ‘व्हीएचएफ वाहिनी ७२’ राहून जाते आणि आपल्याकडे एकही सेट नसतो. धरणासाठी पुढची कलमं मात्र हवीतच:

• लाइफ जॅकेट किनारा सोडल्यापासून परत येईपर्यंत अंगात, बंद केलेलं. ‘वाय’ झेंडा (खुणेच्या झेंड्यांना अक्षरांची नावं असतात, हा लाइफ जॅकेट घाला असं सांगणारा) लागला तरच, असं नको.
• पिवळ्या बोयांच्या ओळीपलीकडचा, भिंतीकडचा भाग प्रतिबंधित. ती ओळ अडथळा मानली जाईल. आत गेलेली होडी त्या शर्यतीतून बाद.
• पाण्यात उतरताना बिल्ला घ्यायचा, परतल्यावर फळ्यावर लावायचा. विसरल्यास गुणदंड.
• शर्यत सोडणाऱ्याने जवळच्या बोटीला सांगूनच किनाऱ्याकडे वळायचं.

बदल करायचा तर लेखी, सूचना फलकावर, ‘एल’ झेंडा लावून. व्हॉट्सअॅप गटावर टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही, जोपर्यंत तो गटच अधिकृत फलक आहे असं नोटीसमध्ये म्हटलेलं नाही.

कोर्स आखणं

आठवडाभर आधी होडी घेऊन सगळा पट्टा फिरा. दोरीला वजन बांधून खोली मोजा, उथळ जागा आणि बुंधे मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवा. शर्यतीच्या सकाळी पातळी पुन्हा विचारा; अर्धा मीटर उतरली असेल तर नकाशा जुना झाला.

कोर्स साधा ठेवा: वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, एक बोया, खाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, एक, आणि मध्ये किंवा खाली स्टार्ट लाइन. एंटरप्राइज आणि लेझरला साडेचारशे-पाचशे मीटरचा पल्ला आणि दोन-तीन फेऱ्या केल्या की मध्यम वाऱ्यात शर्यत साधारण अर्ध्या तासात उरकते. ऑप्टिमिस्टला अडीचशे-तीनशे मीटर पुरे. वरचा बोया काठाला चिकटवू नका. डोंगराच्या किंवा झाडांच्या आडोशाला वाऱ्याचा पडछाया-पट्टा असतो. तिथे बोया आला की पुढच्या पाच होड्या थबकतात आणि मागच्या पंधरा त्यांना येऊन भिडतात. काठापासून निदान पन्नास मीटर, डोंगर उंच असेल तर त्याहून जास्त.

नांगर टाकताना दोरीचा घोळ होतो. खोल पाण्यासाठी लांब दोरी घेतली की उरलेली दोरी पाण्यावर तरंगते आणि सेंटरबोर्डात अडकते. बोयाखाली दीड-दोन मीटरवर एक छोटं वजन अडकवा, म्हणजे दोरी उभी राहते. बुंधे असलेल्या भागात नांगराच्या मागच्या टोकाला वेगळी दोरी आणि छोटा तरंगा बांधा. अडकलेला नांगर उलट्या बाजूने ओढून काढता येतो.

वाऱ्याची दिशा एकदा बघून भागत नाही. कमिटी बोट, म्हणजे शर्यत चालवणाऱ्यांची बोट, नांगरून पंधरा-वीस मिनिटं, दर दोन मिनिटांनी होकायंत्रावर दिशा लिहा. धरणावर वारा वीस-तीस अंश इकडून तिकडे झुलतो. त्याची सरासरी काढून वरचा बोया टाका. एका झोताकडे पाहून बोया हलवत बसलात तर दिवसभर हलवतच बसाल.

लाइनची लांबी: होड्यांची संख्या गुणिले होडीची लांबी, त्याच्या सव्वा ते दीडपट. बारा एंटरप्राइज, प्रत्येकी चार मीटर, म्हणजे साठ ते बहात्तर मीटर. सगळे एकाच टोकाला गर्दी करत असतील तर तिरपी लाइन सरळ करा, स्टार्ट पाच मिनिटं पुढे गेली तरी चालेल.

माणसं आणि रेस्क्यू

कमिटी बोटीवर चौघं: रेस ऑफिसर, घड्याळवाला, झेंडेवाला, नोंदी घेणारा. घड्याळवाल्याने दुसरं काही करायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत. बोये टाकणारी-हलवणारी मार्क बोट एक. रेस्क्यू बोटी साधारण दहा-बारा होड्यांमागे एक, मुलांच्या वर्गासाठी जास्त. किनाऱ्यावर बिल्ल्यांचा फळा सांभाळणारा एक कडक माणूस.

रेस्क्यू बोटीत काय हवं: किल कॉर्ड (चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) चालकाच्या पायाला बांधलेली, दोर कापायचा सुरा, ओढण्याची दोरी, वल्ही, प्रथमोपचार, पिण्याचं पाणी. क्रम एकच, आधी माणसं मोजायची, मग होडीचं बघायचं. एंटरप्राइज उलटली तर दोन डोकी दिसली पाहिजेत. शिडाखाली कोणी अडकलेलं असू शकतं. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंद.

धरणात एक खास प्रकार होतो. उथळात होडी पूर्ण पालथी झाली की डोलकाठीचं टोक गाळात रुततं. आडवं ओढलं तर काठी वाकते. वल्हवून जवळ जा, डोलकाठीच्या बुडाशी दोरी बांधा आणि होडी ज्या बाजूने गेली त्याच्या उलट, सावकाश ओढा. गाळ सुटला की ती आपोआप वर येते. घाई केलीत तर काठीचा खर्च क्लबच्या माथी.

गडगडाट ऐकू आला की शर्यत थांबवायची. ॲल्युमिनियमची उभी काठी घेऊन मोकळ्या पाण्यात कोणी असू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत उतरायचं नाही.

स्टार्ट: पाच मिनिटांचा खेळ

१. पाच मिनिटं बाकी: वर्गाचा झेंडा वर, एक शिट्टी.
२. चार मिनिटं बाकी: तयारीचा झेंडा वर, एक शिट्टी. साधारणपणे ‘पी’.
३. एक मिनिट बाकी: तयारीचा झेंडा खाली, एक लांब शिट्टी.
४. शून्य: वर्गाचा झेंडा खाली, एक शिट्टी. शर्यत सुरू.

वेळ झेंड्यावरून धरायची. शिट्टी वाजली नाही तरी स्टार्ट वैध. हे नवख्यांना ब्रीफिंगमध्ये दोनदा सांगा.

एखाद-दोन होड्या स्टार्टच्या आधीच लाइनपलीकडे असतील तर ‘एक्स’ झेंडा आणि एक आवाज. त्या परत येईपर्यंत तो वर राहतो, पण चार मिनिटांहून जास्त नाही. मागे दुसऱ्या वर्गाची स्टार्ट लागली असेल तर त्या स्टार्टच्या एक मिनिट आधीच तो उतरतो. कोण गेलं ते ओळखता येत नसेल तर जनरल रिकॉल, म्हणजे सगळ्यांना परत बोलावणं: फर्स्ट सब्स्टिट्यूट झेंडा, दोन आवाज. दुसऱ्यांदा असंच झालं तर ‘यू’ लावा. शेवटच्या मिनिटात लाइन आणि पहिल्या बोयाच्या त्रिकोणात सापडलेली होडी बाद, पण स्टार्ट पुन्हा झाली तर ती परत भाग घेऊ शकते. काळा झेंडा ही संधी देत नाही. क्लबच्या शर्यतीत तो पेटीतच राहू द्या. शनिवारी सकाळी फी भरून आलेल्या पोराला एका मिनिटासाठी घरी पाठवण्यात काही अर्थ नाही.

वारा नसेल तर ‘एपी’ झेंडा (स्टार्ट पुढे ढकलली), दोन आवाज. तो उतरवताना एक आवाज, आणि एका मिनिटाने पाच मिनिटांचा झेंडा. ‘एपी’खाली ‘एच’ म्हणजे किनाऱ्यावर या. ‘एपी’खाली ‘ए’ म्हणजे आज शर्यत नाही. मुलांना उन्हात दोन तास तरंगत ठेवण्यापेक्षा लवकर किनाऱ्यावर बोलवा.

उद्घाटनाचं एक सांगून ठेवतो. नारळ फोडणं आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण वारा सुरू व्हायच्या आधी आटपा. फेब्रुवारीत वापरण्याजोगे तीन-चार तासच असतात, ते मांडवात घालवू नका.

पाण्यावरचे नियम: ब्रीफिंगमध्ये एवढं पुरे

पोर्ट टॅकवरची (वारा डावीकडून घेणारी) होडी स्टारबोर्ड टॅकवरच्या (वारा उजवीकडून घेणाऱ्या) होडीला वाट देते. दोघी एकाच टॅकवर आणि बाजूबाजूला असतील तर वाऱ्याकडची होडी वाऱ्याच्या खालच्या बाजूच्या होडीला वाट देते. एकामागे एक असतील तर मागची पुढचीपासून लांब राहते. टॅक घेत असलेली, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणारी, होडी बाकीच्यांपासून दूर राहते. हक्क तुमचा असला तरी टक्कर टाळणं शक्य असेल तर टाळायची.

बोयाभोवती होडीच्या तीन लांबींचं वर्तुळ कल्पा. पहिली होडी त्यात शिरते तेव्हा जी आतल्या बाजूला बाजूबाजूने आहे, तिला बोया वळायला जागा द्यावी लागते. वरच्या बोयाकडे वर चढत (वाऱ्याच्या दिशेने नागमोडी जात) असताना समोरासमोरच्या टॅकवरच्या होड्यांना मात्र हे लागू नाही. तिथे पोर्ट-स्टारबोर्डचाच हिशेब. बहुतेक भांडणं इथेच होतात.

धरणात सर्वांत उपयोगी नियम काठाचा. दोन होड्या जवळून वर चढताहेत, काठाजवळच्या होडीला आता टॅक घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. तिने ओरडून जागा मागायची. दुसरीने एकतर लगेच टॅक घ्यायची, किंवा ‘यू टॅक’ असं उत्तर देऊन तिला जागा करून द्यायची. न ऐकल्याचं सोंग चालत नाही. मच्छीमाराची होडी, जाळ्याचे तरंगे, प्रतिबंधित ओळ, हे सगळे अडथळेच. मच्छीमाराला मात्र तुमचे नियम माहीत नाहीत, तेव्हा त्याच्यापासून तुम्हीच लांब राहा.

चूक झाली तर? बोयाला लागलात: एक पूर्ण गिरकी, म्हणजे एक टॅक आणि एक जाइब (मागची बाजू वाऱ्यातून फिरवणं). दुसऱ्या होडीचा हक्क मोडलात: लगेच बाजूला होऊन दोन गिरक्या. गिरकी घेतली की विषय संपला. वारा पडला की शीड हलवून, होडी डोलवून किंवा सुकाणूने वल्हवल्यासारखं पुढे सरकायचा मोह होतो. त्याला बंदी आहे आणि शांत पाण्यात ते लांबूनही दिसतं.

शर्यत कधी आवरायची

पहिल्या होडीसाठी साठ मिनिटं आणि तिच्यानंतर पंधरा मिनिटांत न पोचलेल्यांना डीएनएफ (शर्यत संपवली नाही), ही मर्यादा क्लबला पुरते. वारा मरतोय असं दिसलं तर पुढची होडी बोयाला पोचायच्या आत तिथे बोट नेऊन ‘एस’ झेंडा, दोन आवाज; बोया आणि बोटीवरच्या काठीमधून शर्यत संपते. वारा पूर्ण उलटा झाला तर ‘एन’, तीन आवाज, शर्यत रद्द. रद्द करायला लाजू नका, पण एखादी होडी पुढे आहे म्हणून किंवा नाही म्हणून करू नका.

निकाल

एकाच वर्गात हिशेब सोपा: पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. सर्वांत कमी बेरीज तो विजेता. न आलेली, न संपवलेली, आधी सुटून न परतलेली होडी, सगळ्यांना मालिकेत नोंदलेल्या होड्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त गुण. मूळ नियमात एक वाईट निकाल वगळतात. तुम्ही पाच शर्यती झाल्यावरच वगळा, असं नोटीसमध्ये लिहा. बरोबरी झाली तर आधी कोणाचे पहिले क्रमांक जास्त ते बघतात.

वेगवेगळ्या होड्या एकत्र असतील तर पोर्ट्समथ यार्डस्टिक, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या होडीला वेगाप्रमाणे दिलेला क्रमांक (मंद होडीचा मोठा). सेकंदांतल्या वेळेला हजाराने गुणून होडीच्या क्रमांकाने भागायचं. समजा लेझरचा क्रमांक ११०० आणि ऑप्टिमिस्टचा १६५० धरला. लेझर ४० मिनिटांत आली: २४०० सेकंद, सुधारित २१८२, म्हणजे ३६ मिनिटं २२ सेकंद. ऑप्टिमिस्ट ५९ मिनिटांत: ३५४० सेकंद, सुधारित २१४५, म्हणजे ३५ मिनिटं ४५ सेकंद. एकोणीस मिनिटं मागे राहिलेलं पोर जिंकलं. अशा शर्यतीत वरची पंधरा मिनिटांची मर्यादा अर्थातच सैल ठेवावी लागते. ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन हे क्रमांक दरवर्षी तपासते, तेव्हा चालू वर्षाची यादी घ्या आणि ती फलकावर लावा.

प्रोटेस्ट

घटना घडली त्या क्षणी ‘प्रोटेस्ट’ असं ओरडलं पाहिजे. सहा मीटरहून लहान होडीला लाल झेंडा लागत नाही, म्हणजे आपल्या तिन्ही वर्गांना नाही. मग मुदतीत लेखी अर्ज. नियमावलीतली मुदत शेवटची होडी संपल्यापासून दोन तास आहे. क्लबसाठी एक तास ठेवा, नाहीतर बक्षीस समारंभ अंधारात होतो.

समितीत तिघं, आणि ज्यांचं मूल त्या शर्यतीत आहे असा एकही नको. छोट्या क्लबात हे अवघड जातं, म्हणून शेजारच्या क्लबातून एक माणूस आधीच सांगून ठेवा. सुनावणीत दोन्ही बाजू समोरासमोर हव्यात. टेबलावर खेळण्यातल्या होड्या ठेवा, वाऱ्याची दिशा बाणाने दाखवा आणि दोघांकडून होड्या मांडून घ्या. शब्दांत झाकलेलं इथे उघडं पडतं. साक्षीदार एकेक करून आत. आधी काय घडलं ते लिहा, मग नियम, मग निर्णय. हा क्रम उलटला की निर्णय आधी ठरतो आणि घटना त्याला चिकटवली जाते. पालकांना दाराबाहेर बसवा. चहा द्या, पण आत घेऊ नका.

बोया आणि नांगर त्याच संध्याकाळी काढा. मच्छीमार रात्री जाळी लावायला येतात आणि पाण्याखाली राहिलेली एक दोरी पुढच्या वर्षीच्या परवानगीला पुरेशी नडते. बिल्ल्यांचा फळा भरला आहे का बघा, पेट्रोलचे कॅन मोजा, आणि शाखा अभियंत्यांना पाणी मोकळं झाल्याचं कळवा.